न्यू जर्सीत टीचर व्हायचंय? सर्टिफिकेटपासून मेंटरिंगच्या वर्षापर्यंत सगळं क्रमाने

एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी, कुठेही जा, भारतात शाळेत शिकवलेल्या आणि इथे येऊन घरी बसलेल्या दोन-चार जणी तरी भेटतातच. बीएड असतं, अनुभव असतो, शिकवायची मनापासून हौस असते, पण "इथलं लायसन्स फार किचकट आहे म्हणे" एवढं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि गाडी तिथेच अडते. किचकट आहे हे खरं, पण अशक्य अजिबात नाही. मी याच वाटेने येऊन आता इथल्या पब्लिक स्कूलमध्ये शिकवते, त्यामुळे जे मला तुकड्यातुकड्याने, दहा जणांना विचारून कळलं ते सगळं इथे एका जागी लिहितेय.

आधीच एक सांगते. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा जुना सल्ला नीट पारखून घ्या. एडटीपीए नावाची एक मोठी फाइल-व्हिडिओवाली परीक्षा होती, ती राज्याने २०२२ च्या शेवटी कायद्याने काढून टाकली. वाचन-लेखन-गणिताची बेसिक स्किल्स टेस्टही १ जानेवारी २०२५ पासून गेली. तरी अजून लोक एकमेकींना त्याचे क्लासेस सुचवत असतात! अर्ज करायच्या आधी राज्याच्या शिक्षण विभागाच्या साइटवर आपल्या विषयाचं पान स्वतः वाचा.

१. आधी शब्द समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही

इथे सर्टिफिकेट तीन टप्प्यांत मिळतं. पहिला टप्पा म्हणजे पात्रता. त्याचे दोन प्रकार, सीई (सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी) आणि सीईएएस (तेच, पण विथ अॅडव्हान्स्ड स्टँडिंग). सीईएएस साधारणपणे त्यांना मिळतं ज्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा पूर्ण कोर्स आणि स्टुडंट टीचिंग (कोर्समधला वर्गात शिकवायचा सराव) आधीच केलंय. सीई म्हणजे विषयाचं शिक्षण आहे, परीक्षा पास आहे, पण इथलं प्रशिक्षण नोकरी करता करता घ्यायचंय. यालाच ऑल्टरनेट रूट म्हणतात आणि आपल्यातल्या बहुतेक जणी याच रस्त्याने येतात. भारतातलं बीएड असेल तर ते मूल्यांकनात (एजन्सीकडून डिग्री इथल्या हिशोबात मांडून घेणं, पुढे सांगते) टाकाच, त्याचा काय उपयोग होतो ते विभाग ठरवेल, आपण आधीच "ते इथे चालत नाही" असं धरून ते कपाटात ठेवायचं नाही.

दुसरा टप्पा प्रोव्हिजनल. हे दोन वर्षांचं असतं आणि ते नोकरी मिळाल्यावर शाळा-डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणारी संस्था) तुमच्यासाठी मागवतं, तुम्ही एकटीने घरबसल्या काढायचं नसतं. मेंटरिंग, म्हणजे अनुभवी शिक्षकाने नव्या शिक्षकाला सोबत राहून मदत करणं, याच काळात होतं.

तिसरा स्टँडर्ड. हे कायमचं.

सीई आणि सीईएएस यांना मुदत नसते. म्हणजे आज काढून ठेवलं आणि मूल लहान आहे म्हणून दोन वर्षांनी नोकरी शोधली तरी ते वाया जात नाही. ज्यांना "आत्ता नोकरी जमणार नाही" म्हणून सगळंच लांबणीवर टाकायचंय त्यांनी हे विशेष लक्षात घ्या.

व्हिसाचं वेगळं. सर्टिफिकेट म्हणजे कामाची परवानगी नव्हे. एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) असाल तर ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, हातात आल्याशिवाय पगारी काम करता येत नाही, पण डिग्रीचं मूल्यांकन आणि परीक्षा ही कामं तोवर उरकून घेता येतात, आणि वेळ सगळ्यात जास्त त्यातच जातो.

२. कागद: शक्यतो भारतातून निघायच्या आधीच

हे सगळं गोळा करा:

- दहावी-बारावीपासूनच्या मार्कशीट (सगळ्या लागतीलच असं नाही, पण जन्मतारीख आणि नाव जुळवायला उपयोगी पडतात)
- पदवी आणि बीएड, एमए, एमएस्सी जे असेल त्याच्या प्रत्येक वर्षाच्या किंवा सेमिस्टरच्या मार्कशीट
- पदवी प्रमाणपत्र, म्हणजे कॉन्व्होकेशनचं. प्रोव्हिजनल पासिंग सर्टिफिकेटवर थांबू नका
- युनिव्हर्सिटीकडून सीलबंद किंवा थेट एजन्सीला पाठवलेली ट्रान्स्क्रिप्ट
- शाळेचं अनुभव प्रमाणपत्र, लेटरहेडवर, कुठला विषय, कुठली इयत्ता, कधीपासून कधीपर्यंत, फुल टाइम की तासिका तत्त्वावर हे सगळं लिहिलेलं
- मॅरेज सर्टिफिकेट, पासपोर्ट

ट्रान्स्क्रिप्टसाठी युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागात अर्ज, फी, मार्कशीटच्या प्रती हे सगळं आलं. तिकडे असताना हे काम स्वतः जाऊन करता येतं, इथून मात्र भावाला किंवा वहिनीला सुट्टी काढून रांगेत उभं करावं लागतं आणि एक झेरॉक्स कमी पडली की पुन्हा फेरी.

आता नावाचा घोळ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव, काही वर्षांत शेवटी आईचंही नाव. बीएड लग्नानंतर केलं असेल तर त्यावर वेगळंच आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर तिसरं काहीतरी. इथल्या क्लार्कला या तीन वेगळ्या बायका वाटतात आणि त्यात तिचा काही दोष नाही. म्हणून मूल्यांकनाच्या अर्जापासून परीक्षा, अर्ज, बोटांचे ठसे सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः एकच लिहा, स्पेलिंगसकट, आणि जिथे "आधीचं नाव" असा रकाना असेल तिथे मार्कशीटवरचं नाव जसंच्या तसं भरा. सोबत मॅरेज सर्टिफिकेटची प्रत.

३. डिग्रीचं मूल्यांकन

परदेशी डिग्री थेट चालत नाही. विभागाने मान्य केलेल्या एजन्सीकडून ती इथल्या हिशोबात मांडून घ्यावी लागते. अर्ज करताना "कोर्स बाय कोर्स" हाच प्रकार निवडा. साधा स्वस्तातला रिपोर्ट फक्त "बॅचलर्सच्या बरोबरीची" एवढंच सांगतो, त्यात क्रेडिट (प्रत्येक विषयाच्या अभ्यासाचं माप) आणि जीपीए (मार्कांची सरासरी) नसतात आणि इथे सगळं अडतं ते क्रेडिटवर.

किती क्रेडिट हवेत? विषय-शिक्षक व्हायचं असेल, समजा गणित, तर त्या विषयात किमान ३० क्रेडिट आणि त्यातले १२ तरी वरच्या वर्गातले, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षांतले किंवा पीजीचे. एलिमेंटरी म्हणजे केजी ते सहावीसाठी लिबरल आर्ट्स (भाषा, इतिहास यांसारखे सामान्य शिक्षणाचे विषय) किंवा सायन्समधला मेजर, म्हणजे मुख्य विषय, किंवा त्या विषयांचे ६० क्रेडिट. जीपीए साधारण ३.० धरला जातो.

इथे दोन ठिकाणी आपली माणसं अडकतात. एक, तीन वर्षांची बीए-बीएस्सी-बीकॉम. काही एजन्सी तिला पूर्ण बॅचलर्स मानतात, काही तीन वर्षांचं शिक्षण एवढंच म्हणतात. वर बीएड किंवा मास्टर्स असेल तर चित्र सुधारतं, म्हणून सगळ्या डिग्र्या एकाच वेळी पाठवा, पैसे वाचवायला एकच पाठवू नका. दोन, बीकॉमवाल्यांना एलिमेंटरीसाठी क्रेडिट कमी पडतात कारण अकाउंटिंग, ऑडिटिंग हे लिबरल आर्ट्समध्ये मोडत नाही. मग कमी पडलेले विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये घेता येतात, एडिसनलाच मिडलसेक्स कॉलेज आहे, प्रत्येक काउंटीत असं काहीतरी जवळपास असतंच आणि बरेच कोर्स ऑनलाइन असतात. पण आधी विभागाकडून किंवा कोर्स चालवणाऱ्या कॉलेजच्या सल्लागाराकडून नेमकं काय कमी आहे ते लेखी घ्या, मगच फी भरा.

डीएड झालेल्यांनो, नुसत्या डिप्लोमावर इथे पब्लिक स्कूलचं शिक्षक-सर्टिफिकेट मिळत नाही, बॅचलर्स लागतेच.

४. परीक्षा आणि दोन छोट्या अटी

प्रॅक्सिस सब्जेक्ट टेस्ट द्यावी लागते, विषयानुसार वेगळी. एलिमेंटरीच्या परीक्षेत चार भाग, भाषा-वाचन, गणित, समाजशास्त्र, विज्ञान. गणित-विज्ञान आपल्याला जड जात नाही. समाजशास्त्राला मात्र हलक्यात घेऊ नका, त्यात अमेरिकेची राज्यघटना, सिव्हिल वॉर, इथला भूगोल हे सगळं येतं आणि आपण शाळेत शिवाजी महाराज आणि १८५७ शिकलेलो. पब्लिक लायब्ररीत मुलांच्या विभागात जा, चौथी-पाचवीच्या मुलांसाठीची अमेरिकन इतिहासाची पुस्तकं घेऊन या, पाया त्यातून फार छान होतो, आणि पुढे वर्गात तेच शिकवायचं असतं. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. नोंदणी करताना निकाल न्यू जर्सीच्या विभागाला जाईल हे निवडायला विसरू नका, नंतर पाठवायचे पैसे पडतात.

हिंदी किंवा दुसरी भाषा शिकवायची असेल तर बोलण्याची मुलाखत-परीक्षा असते, तिला ओपीआय म्हणतात. काही डिस्ट्रिक्टमध्ये हिंदी शिकवतात, तेव्हा ज्यांचं हिंदी पक्कं आहे त्यांनी हा पर्याय बघाच.

शिवाय फिजिऑलॉजी आणि हायजीन अशी एक अट आहे, कुणी सांगत नाही आणि अर्ज तिथे लटकतो. बायोलॉजी किंवा आरोग्याचा विषय ट्रान्स्क्रिप्टवर असेल तर भागतं, नसेल तर काउंटीच्या शिक्षण कार्यालयात छोटी टेस्ट.

सीईवाल्यांना नोकरी सुरू करण्याआधी ५० तासांचा प्री-सर्व्हिस कोर्स. त्यात वर्गात बसून निरीक्षणही असतं. हा लवकर करून टाका, कारण त्यातूनच जवळच्या शाळांमध्ये ओळखी होतात.

५. ठसे, जुन्या नोकऱ्यांचा फॉर्म आणि टीबी

पार्श्वभूमी तपासणीसाठी आधी विभागाच्या साइटवर अर्ज आणि फी, मग बोटांच्या ठशांची अपॉइंटमेंट. क्रम उलटा करू नका.

२०१८ च्या कायद्याप्रमाणे नवीन शाळा तुम्हाला गेल्या २० वर्षांतल्या अशा सगळ्या नोकऱ्या विचारते जिथे शाळा होती किंवा मुलांशी थेट संबंध होता. त्या प्रत्येक ठिकाणी फॉर्म जातो की या व्यक्तीवर मुलांशी गैरवर्तनाची काही तक्रार होती का. म्हणजे सातारा किंवा नाशिकच्या तुमच्या शाळेलाही ईमेल जाणार! तिथले मुख्याध्यापक बदललेले असतात, ऑफिसचा ईमेल कुणी उघडत नाही, आणि इकडे तुमचं जॉइनिंग अडकतं. म्हणून आधीच शाळेत फोन करा, सर किंवा मॅडमना समजावून सांगा की असा फॉर्म येणारे, तो सही करून परत पाठवायचाय, आणि कोणता ईमेल खरोखर बघितला जातो तो घेऊन ठेवा.

टीबीची तपासणीही सांगतात. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते त्यामुळे हातावरची स्किन टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे वगैरे सुरू. डॉक्टरांना बीसीजीचं आधीच सांगा आणि रक्ताची टेस्ट चालेल का विचारा.

६. नोकरी शोधताना आणि ऑफर हातात आल्यावर

भरती साधारण वसंतापासून ऑगस्टपर्यंत जोरात असते. गणित, विज्ञान, स्पेशल एज्युकेशन, ईएसएल (इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांना इंग्रजी शिकवणं) यांना मागणी जास्त. मधल्या काळात सब्स्टिट्यूट (बदली शिक्षक) किंवा पॅराप्रोफेशनल (वर्गातली मदतनीस) म्हणून काम मिळालं तर जरूर घ्या. इथला वर्ग कसा चालतो, घंटा वाजल्यावर मुलं कशी हलतात, प्रिन्सिपॉल कशाकडे बघतात हे पुस्तकातून कळत नाही. मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी शिकवत असाल तर तेही रेझ्युमेत लिहा, तो खरा अनुभव आहे.

ऑफर आली की सही करायच्या आधी हे विचारा:

- पगाराच्या गाइडवर (अनुभवाच्या पायऱ्या म्हणजे स्टेप आणि शिक्षणाचे कॉलम असलेला पगाराचा तक्ता) मला कुठल्या स्टेपवर बसवताय, भारतातली वर्षं धरताय का
- माझं मास्टर्स मूल्यांकनात आलंय, तर मास्टर्सच्या कॉलमचा पगार मिळेल का
- प्रोव्हिजनलसाठी माझी नोंदणी कोण करणार, कधी
- मेंटरची फी डिस्ट्रिक्ट भरतं की माझ्या पगारातून कापतं

पहिला प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. विचाराच. एकदा ज्या स्टेपवर बसवलं तिथून पुढे सरकत जायचं असतं, सुरुवातीला खालच्या स्टेपवर बसलात तर ते वर्षानुवर्षं नडतं.

नोंदणीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. तुम्ही शिकवताय, पगार येतोय, पण एचआरने प्रोव्हिजनलचा अर्ज पाठवलेलाच नाही असं होऊ शकतं आणि मग ते वर्ष हिशोबात धरताना अडचण येते. सप्टेंबरमध्येच एचआरला नम्रपणे ईमेल करा, माझी नोंदणी झाली का, तारीख काय.

सीईवाल्यांना याच वेळी दोन वर्षांच्या प्रशिक्षण कोर्सलाही नाव घालावं लागतं. संध्याकाळी किंवा शनिवारी वर्ग असतात. नोकरी, कोर्स, घर आणि मुलं हे पहिलं वर्ष खरंच दमवतं, घरच्यांशी आधी बोलून ठेवा, रोजचा स्वयंपाक आणि मुलांना आणणं-सोडणं कोण करणार ते सप्टेंबरच्या आधी ठरवा.

७. मेंटरिंगचं वर्ष

आता मुख्य भाग. पूर्ण वेळ शिकवत असाल तर किमान ३० आठवडे मेंटर मिळतो, एकास एक. सीईएएसवाल्यांना पहिले चार आठवडे आणि सीईवाल्यांना पहिले आठ आठवडे, आठवड्यातून किमान एकदा भेट झालीच पाहिजे. भेटींची वेळ लॉगमध्ये लिहायची असते. लॉग त्याच दिवशी भरा, जूनमध्ये बसून सप्टेंबरच्या तारखा आठवत नाहीत आणि अंदाजाने लिहिणं बरोबरही नाही.

मेंटर कोण असतो? किमान तीन वर्षांचा अनुभव असलेला, चांगलं रेटिंग असलेला शिक्षक. फी ठरलेली आहे, सीईएएससाठी ५५० डॉलर आणि सीईसाठी १००० डॉलर. राज्याकडे पैसे असतील तर राज्य देतं, नाहीतर अनेकदा नव्या शिक्षकाच्या पगारातून जातात. पण व्यवहार डिस्ट्रिक्टच्या ऑफिसमार्फतच होतो, मेंटरच्या हातात पैसे किंवा चेक द्यायचा नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं हे की मेंटर तुमचं मूल्यमापन करत नाही. तुमचं रेटिंग ठरवणारे वेगळे असतात. आपल्याकडे इन्स्पेक्शनला साहेब येणार म्हटलं की फळा सजवायचा, हुशार मुलांना पुढे बसवायचं, अडचण कुणाला दिसू द्यायची नाही, हे इतकं अंगात भिनलेलं असतं की मेंटर दारात आली तरी आपण "सगळं छान चाललंय" म्हणून मोकळ्या होतो. असं करू नका. न जमणारी गोष्ट सांगायची हक्काची जागा ती एकच आहे.

मदत कशी असते त्याचं एक उदाहरण. माझी मेंटर एकदा मागे बसून सीटिंग चार्टवर पेन्सिलने बारीक रेघा मारत होती, मी ज्या मुलाला प्रश्न विचारेन त्याच्या नावावर एक रेघ. तास संपल्यावर तिने कागद माझ्यापुढे ठेवला. मधल्या दोन रांगांवर रेघाच रेघा आणि खिडकीकडची अख्खी रांग कोरी. ती काही बोलली नाही, मी दुसऱ्या दिवसापासून त्या रांगेपासून सुरुवात करायला लागले. हा कागद मूल्यमापनात कुठेही गेला नाही.

मेंटरला पहिल्या महिन्यातच हे विचारून घ्या: हजेरी आणि मार्क कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, आयईपी आणि ५०४ (खास गरजा असलेल्या मुलांसाठीच्या लेखी योजना) असलेल्या मुलांची यादी कुठे मिळते आणि त्यांना काय-काय सवलती द्यायच्या, बॅक टू स्कूल नाइटला पालकांशी काय बोलायचं, फायर ड्रिल आणि लॉकडाउन ड्रिलला काय करायचं. आयईपीचं तर पहिल्याच दिवशी. तो कायदेशीर कागद आहे, "मला माहीत नव्हतं" चालत नाही.

आणि उच्चार-शब्दांबद्दलही मोकळेपणाने विचारा. गणितात आपण "टू इन्टू थ्री" म्हणजे गुणाकार म्हणतो, इथल्या मुलाला ते भागाकारासारखं ऐकू येतं, त्यामुळे "टाइम्स" म्हणायची सवय लावा.

८. वर्गातले कायदे ज्यात चूक परवडत नाही

मुलाला हात लावायचा नाही. टपली नाही, कान नाही, वर्गाबाहेर उभं करणं नाही. शारीरिक शिक्षेवर न्यू जर्सीत १८६७ पासून बंदी आहे, हा काही नवा नियम नाही.

बुलिंगचं काही दिसलं किंवा कानावर आलं तर त्याच दिवशी प्रिन्सिपॉलना तोंडी सांगायचं आणि शाळेच्या दोन दिवसांत लेखी द्यायचं. याला इथे एचआयबी म्हणतात. "मुलं आहेत, भांडणारच" असं स्वतःच ठरवून सोडून द्यायचं नाही. घरी मुलाला त्रास होतोय असा संशय आला तर राज्याला कळवणं हेही प्रत्येकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, अशा वेळी मेंटर किंवा काउन्सेलर सोबत बसतात, पण जबाबदारी त्यांच्यावर ढकलता येत नाही.

९. ऑब्झर्व्हेशन, मे महिना आणि स्टँडर्ड

टेन्युअर (नोकरीतलं कायमपण) नसलेल्या शिक्षकाचं वर्षात किमान तीन वेळा ऑब्झर्व्हेशन, म्हणजे वर्गात बसून शिकवण्याची पाहणी, होतं. वर्षाअखेर चारपैकी एक रेटिंग येतं, इनइफेक्टिव्ह, पार्शली इफेक्टिव्ह, इफेक्टिव्ह, हायली इफेक्टिव्ह. स्टँडर्डसाठी तीन वर्षांत दोन वेळा इफेक्टिव्ह किंवा वर हवं. प्रत्येक ऑब्झर्व्हेशननंतर चर्चा असते, तिथे वही घेऊन जा, जे सुचवलं ते पुढच्या वेळी करून दाखवा आणि तसं बोलूनही दाखवा. आपल्याला स्वतःच्या कामाबद्दल बोलायची सवय नसते, इथे ते अपेक्षित आहे.

१५ मेपर्यंत पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे लेखी कळवावं लागतं. नाही आलं तर कारणं लेखी मागायचा हक्क आहे, त्याला १५ दिवसांची मुदत असते, आणि त्याआधी युनियनच्या प्रतिनिधीशी बोला. तुम्हाला स्वतःला मध्येच सोडायचं झालं तर करारातली नोटीस पाळा, बहुधा ६० दिवस. न सांगता सोडलं तर सर्टिफिकेट एक वर्षापर्यंत निलंबित होऊ शकतं, म्हणून नवऱ्याची बदली टेक्सासला झाली तरी आधी नोटीस, मग बॅगा.

मेंटरिंग पूर्ण, सीई असेल तर कोर्स पूर्ण, रेटिंग जमली, की डिस्ट्रिक्ट आणि कोर्सवाले आपापली शिफारस करतात आणि स्टँडर्ड निघतं. टेन्युअर ही वेगळी गोष्ट आहे, २०१२ च्या कायद्याप्रमाणे त्याला चार वर्षं लागतात आणि त्यात पहिल्या वर्षाचं मेंटरिंग पूर्ण असणं ही अटच आहे. त्यामुळे लॉगची एक प्रत, फी कापल्याची पे स्लिप आणि प्रत्येक रेटिंगचा कागद घरच्या फाइलमध्ये ठेवा. डिस्ट्रिक्ट बदललं तर नव्या एचआरला हीच फाइल लागते.